चित्रातले आकाश खरे कसे वाटेल?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळी बुचकळ्यात पडली असतील. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, महागाई भत्त्यावर बोलेल. संगणकावर तारांगण कसे रंगवावे याच्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे तो असा. छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार गेले आणि त्यांच्या जागी पडद्यापुढे बसून पाने जुळवणारी, चित्रे घडवणारी मुले-मुली आल्या. संघटनेच्या कामानिमित्त गेली पंचवीस वर्षे माझे त्यांच्यात उठणे-बसणे आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि या मुलांच्या शेजारी स्टूल टाकून. ज्याच्या मजुरीसाठी भांडायचे त्याचे काम आपल्याला समजले पाहिजे, असा माझा पहिल्यापासूनचा हट्ट आहे. तेव्हा मी आज ज्योतिषी म्हणून बोलत नाही आणि चित्रकार म्हणूनही नाही. काम शेजारून पाहिलेला माणूस म्हणून बोलतो आहे.

ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाला गिऱ्हाईक फार. पुस्तकाचे मुखपृष्ठ, नाटकाची जाहिरात, दिनदर्शिका, मालिकेतली रात्र, मुलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, कुठेही ते लागते. आणि ते करण्याची एक झटपट रीत प्रत्येक कारागिराला पहिल्या आठवड्यात शिकवली जाते. फोटोशॉप उघडावे, काळा थर घ्यावा, त्यावर 'नॉइज' नावाची चाळणी चालवावी, म्हणजे काळ्यावर पांढरे कण उठतात. ते 'ब्लर'ने किंचित विरघळवावेत आणि 'लेव्हल्स'च्या पट्टीवर अंधार वाढवून फक्त ठळक कण ठेवावेत. दोन मिनिटांत आकाश तयार! पण चित्र हातभर लांब धरून पाहावे तर काय दिसते? काळ्या सतरंजीवर रवा सांडल्यासारखे. तारे आहेत, आकाश नाही. असे का होते, एवढाच खरे म्हणजे माझा आजचा विषय आहे.

पहिले कारण हिशेबाचे आहे. रव्याचे कण सारखे असतात. तारे सारखे नसतात. ताऱ्यांच्या तेजाला आपण प्रती म्हणतो. पहिल्या प्रतीचा तारा ठळक, सहाव्या प्रतीचा अगदी नजरेच्या काठावरचा. 1856 साली पॉग्सन नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाने या प्रतींना गणिताचे बूड दिले : पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक. आता प्रत्येक प्रतीपर्यंत किती तारे आहेत ते पाहा. सबंध खगोलावर पहिल्या प्रतीपर्यंतचे तारे सुमारे 22. दुसरीपर्यंत मोजले तर 90 च्या वर, तिसरीपर्यंत 280 च्या आसपास, चौथीपर्यंत 900 च्या जवळ, पाचवीपर्यंत 2,800 आणि सहावीपर्यंत 8,800 च्या घरात. म्हणजे एकेक पायरी खाली उतरावे तसतशी संख्या सुमारे तिप्पट होत जाते.

मला हे कोष्टक पहिल्यांदा पाहताच ओळखीचे वाटले. कारखान्याचे पगारपत्रक असेच असते! वर एक व्यवस्थापक, त्याखाली तीन-चार साहेब, मग दहा-बारा मुकादम, आणि तळाशी ज्यांची नावे साहेबांना ठाऊक नाहीत अशी हजारो माणसे. आकाशाचा काळोख जो भरलेला वाटतो तो या तळातल्या बिनओळखीच्या ताऱ्यांमुळे. चुकीच्या चित्रात कारागीर काय करतो? सगळ्यांनाच मुकादम करून टाकतो. लेव्हल्सची पट्टी ओढली की अंधुक कण पुसले जातात आणि उरलेले सारे एका तेजाचे होतात. मग डोळ्याला कुठे थांबावे ते कळत नाही.

म्हणून जाणते कारागीर एका थरावर भागवत नाहीत, तीन-चार थर करतात. सर्वांत खालचा थर बारीक आणि अंधुक कणांचा, जवळून पाहिल्यावरच दिसेल असा. त्यावर त्याच्या एकतृतीयांश संख्येचा, जरा उजळ. त्यावर आणखी कमी. आणि शेवटचे वीस-पंचवीस ठळक तारे यंत्रावर न सोडता हाताने, ब्रशने, एकेक करून. थर एकमेकांवर ठेवताना 'स्क्रीन' किंवा 'लिनिअर डॉज' ही रीत घ्यावी, कारण प्रकाशावर प्रकाश पडला म्हणजे बेरीज होते, झाकाझाकी होत नाही.

येथे एक बारकी खोच आहे. संगणक उजेडाला शून्यापासून 255 पर्यंत अंक देतो. पहिल्या प्रतीच्या ताऱ्याला 255 दिले तर शंभरपट अंधुक असलेल्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्याला किती द्यावे? सरळ भागाकार करणारा म्हणेल, अडीच. पण अडीच दिले तर तारा दिसणारच नाही. पडद्याचे अंक आणि पडद्याचा उजेड यांचे नाते सरळ नसते, वाकडे असते. ते जमेस धरून हिशेब केला म्हणजे उत्तर 31 च्या आसपास येते. मला हे एका विशीतल्या मुलाने चहाच्या पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडून समजावून दिले. या मुलाला त्याच्या दुकानात 'ऑपरेटर' म्हणतात, आणि मजुरीही ऑपरेटरचीच देतात.

तेजाचे झाले, आता आकाराचे. ठळक तारा म्हणजे मोठी टिकली, अशी आपली समजूत बालवाडीपासूनची आहे. वस्तुतः साध्या डोळ्याला किंवा साध्या कॅमेऱ्याला कोणत्याही ताऱ्याची तबकडी दिसत नाही. प्रत्येक तारा बिंदूच. व्याध मोठा दिसतो तो त्याचा उजेड भिंगात, हवेत आणि डोळ्यात पसरतो म्हणून. तेव्हा चित्रात ठळक तारा काढायचा तर कडक काठाची टिकली काढू नये. मध्ये पांढराशुभ्र बिंदू आणि भोवती हळूहळू विरत जाणारे मंद वलय. काही जण त्यावर चार टोकांची चमक ठोकतात. ती चमक ताऱ्याची नसते, दुर्बिणीची असते. हबल दुर्बिणीच्या चित्रांत चार किरण दिसतात, कारण तिच्या आतल्या आरशाला चार पट्ट्यांचा आधार आहे. वेब दुर्बिणीच्या चित्रांत सहा मोठे आणि दोन लहान दिसतात, ते षट्कोनी आरशांमुळे आणि आधाराच्या दांड्यांमुळे. म्हणजे किरण काढायचेच असतील तर एका चित्रातल्या सगळ्या ताऱ्यांचे किरण एकाच दिशेला हवेत. एकाचे उभे-आडवे आणि शेजाऱ्याचे तिरपे, हे एका दुर्बिणीतून घडणेच शक्य नाही.

आता थोडे ताऱ्यांच्या मांडणीविषयी बोलतो, कारण येथे यंत्र शहाणे आणि माणूस वेडा ठरतो. कोणालाही सांगा की या कागदावर शंभर ठिपके वाटेल तसे काढ. तो नकळत प्रत्येक ठिपक्याभोवती मोकळी जागा सोडत जाईल, जणू काही रांगेत उभे राहणाऱ्यांना अंतर ठेवायला सांगितले आहे. खरी यदृच्छा अशी नसते. घरी गेल्यावर बुद्धिबळाचा पट घ्या आणि तांदळाचे 64 दाणे डोळे मिटून त्यावर उधळा. पटाबाहेर गेलेले पुन्हा टाका. घरे 64, दाणे 64. सरासरीने घरटी एक दाणा. पण प्रत्यक्षात सुमारे 23-24 घरे रिकामी राहतील, जवळजवळ तितक्याच घरांत एकेक दाणा असेल, बाराएक घरांत दोन-दोन, आणि चार-पाच घरांत तीन किंवा त्याहून अधिक. हा संभवशास्त्राचा नियम आहे, कोणीही पडताळून पाहावा. आकाशातही अशाच ओसाड जागा आणि अशाच गर्द्या असतात. शिवाय आकाशात खरोखरीची कुटुंबे आहेत : कृत्तिकांचा पुंजका आहे, जोडतारे आहेत. त्यामुळे हाताने तारे ठेवणाऱ्या कारागिराने दोन ठळक तारे मुद्दाम खेटून ठेवायला आणि बोटभर जागा मुद्दाम ओसाड टाकायला शिकले पाहिजे. हे त्याच्या हाताला जड जाते. सारखेपणाची ओढ फार चिवट असते. 1968 साली '2001 : अ स्पेस ओडिसी' हा चित्रपट करणाऱ्यांनी चकचकीत काळ्या कागदावर पांढऱ्या रंगाचे तुषार उडवून तारे केले होते. त्यांनी ठिपके हाताने मांडले असते तर ते आकाश इतके टिकले नसते, असे मला वाटते.

आकाशगंगा काढायची तर एका पट्ट्यात अंधुक ताऱ्यांची दाटी वाढवावी आणि मग तिच्यावर काळी धूळ फासायला विसरू नये. आकाशगंगेच्या मधोमध ज्या काळ्या फटी दिसतात तेथे तारे नाहीत असे नाही. मध्ये धुळीचे ढग आहेत, ते मागचा उजेड अडवतात. क्षितिजाकडेही तारे कमी करत जावेत, कारण तेथे नजरेला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो.

रंगांकडे येतो. या भागावर मी थोडा रेंगाळणार आहे.

तारे पांढरे नसतात. चित्रा निळसर आहे, मृगातला राजन्य निळसर आहे, त्याच मृगातली काक्षी तांबूस, रोहिणी आणि ज्येष्ठा तांबूस, स्वाती नारिंगी. उष्ण तारे निळसर, त्या मानाने थंड तारे तांबडे. हिरवा तारा मात्र नाही. ज्या ताऱ्याचा उजेड हिरव्या पट्ट्यात सर्वाधिक असतो त्यातही इतर रंग इतके मिसळलेले असतात की बेरीज पांढरी होते. ज्यांच्या चित्रांत हिरवे-जांभळे तारे लुकलुकतात त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. रंगाचा हात हलका हवा, आणि तो ताऱ्याच्या मध्यावर नव्हे तर भोवतीच्या वलयात द्यावा. मध्य उजेडाने भरून पांढराच होतो.

ताऱ्यांची ही रंगवारी लावली कोणी? अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या तबकांवर आकाशाची छायाचित्रे घेतली जात, आणि भिंगातून ती तबके तपासण्याच्या कामावर बायका बसवलेल्या होत्या. तेथे 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्राला नव्हे, या बायकांना लावीत. मजुरी तासाला 25 सेंटपासून पुढे. त्यांतल्या विल्यमिना फ्लेमिंग या बाई संचालक पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण म्हणून आल्या होत्या. पुढे त्यांनी हजारो ताऱ्यांचे वर्गीकरण केले आणि 1888 साली अश्वमुख तेजोमेघ शोधून काढला. 1900 सालच्या त्यांच्या रोजनिशीत पगाराची तक्रार आहे : पुरुषांपैकी काहींना वर्षाला 2,500 डॉलर आणि मला 1,500, माझ्यावरही घर चालवण्याचा भार आहेच की! त्यांच्यानंतरच्या ॲनी जंप कॅनन यांना ऐकू फार कमी येई. त्यांनी आयुष्यात साडेतीन लाखांच्या आसपास तारे वर्गवारीत बसवले. आज फोटोशॉपमध्ये आपण एका ताऱ्याला निळसर आणि दुसऱ्याला नारिंगी छटा देतो तेव्हा ज्या ज्ञानाचा आधार घेतो, ते या बायकांनी तासाच्या मजुरीवर गोळा केलेले आहे. ज्योतिषाच्या पुस्तकात ही मजुरी तळटीपेत जाते. मी ती मुख्य मजकुरात वाचतो, तो माझ्या धंद्याचा दोष म्हणा.

आता, तारे कुठे काढू नयेत हेही सांगितले पाहिजे. चंद्रकोरीच्या दोन टोकांच्या मधोमध तारा काढण्याची हौस आपल्याकडे फार. पण तेथे मोकळे आकाश नाही, चंद्राचाच न उजळलेला भाग आहे. तारा त्याच्या आरपार कसा दिसेल? आणि 1969 साली माणूस चंद्रावर उतरला त्या वेळच्या छायाचित्रांत तारे नाहीत म्हणून काही शहाणे ते सारे खोटे ठरवतात. चंद्राची जमीन कडक उन्हात होती. त्या उजेडाला बेतून कॅमेरा क्षणभर उघडला तर अंधुक तारे उमटणार कसे? उलट, उन्हात चमकणारा अंतराळवीर आणि मागे खच्चून भरलेले तारे, असे चित्र दिसले की ते जोडकाम आहे असे खुशाल समजावे.

आणि स्थळ-काळ? 'टायटॅनिक' चित्रपट 1997 सालचा. जहाज बुडाल्यावर नायिका फळीवर पडून वर पाहते. तिला दिसणारे आकाश त्या जागेचे, 15 एप्रिल 1912 च्या पहाटेचे नव्हते. त्याची डावी बाजू उजव्या बाजूचे प्रतिबिंब होती. नील डिग्रास टायसन या ज्योतिर्विदाने दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांच्याकडे ही तक्रार लावून धरली, आणि 2012 साली चित्रपट पुन्हा आला तेव्हा ते आकाश बदललेले होते. कोट्यवधी लोकांनी चित्रपट पाहिला, रडले. आकाश चुकले म्हणून कोणाचे अडले नाही. मग बदलायचे कशाला? हाच प्रश्न आमच्याकडे वेगळ्या रूपात आला होता, तो सांगतो.

एका शहरात डिझाइनचे एक दुकान. तेथे काम करणाऱ्या मुलीकडे लहान मुलांच्या आकाशदर्शनाच्या पुस्तिकेचे मुखपृष्ठ आले. मालकाने अर्धा दिवस दिला होता. तिने तीन दिवस घेतले, कारण तिने 'स्टेलॅरियम' नावाचे फुकट मिळणारे तारांगण संगणकावर घेतले, त्यातून डिसेंबरमधल्या रात्रीचा मृग पाहिला, आणि एकेक तारा जागेवर, तेजाने आणि रंगाने बसवला. मालकाने महिनाअखेर अडीच दिवसांची मजुरी कापली. म्हणाला, ''अगं, तारे कोण मोजायला बसलंय?'' ती माझ्याकडे आली आणि एवढेच म्हणाली, ''काका, मुलं मोजतात.''

मी मालकाकडे गेलो. माणूस दुष्ट नव्हता. त्याचेही खरे होते : गिऱ्हाईक त्याला अर्ध्या दिवसाचेच पैसे देणार होते. बरीच घासाघीस होऊन दीड दिवसाची मजुरी परत मिळाली. मी ती जीत मानत नाही. पुस्तिका चांगली खपली, मुलीने पुढे ते दुकान सोडले. पण त्या टेबलावर जो प्रश्न पडला होता तो तसाच पडून आहे : पाहणाऱ्याच्या लक्षात न येणारी अचूकता ही कारागिराची हौस, की कामाचा भाग? हौस म्हटली तर तिचा खर्च त्याने सोसावा. कामाचा भाग म्हटला तर दरात धरावा. सुताराने कपाटाच्या पाठीमागची फळी रंधून दिली तर आपण त्याला चांगला सुतार म्हणतो, आणि पैसे मात्र पुढच्या फळीचेच देतो.

हा खेळ फक्त लहान दुकानांतला नव्हे. 'लाइफ ऑफ पाय'मधला समुद्र आठवा, रात्री सगळे तारे पाण्यात उतरलेले. त्या चित्रपटाला फेब्रुवारी 2013 मध्ये दृश्यकरामतीचे ऑस्कर मिळाले. त्यातला वाघ घडवणाऱ्या 'ऱ्हिदम अँड ह्यूज' या कंपनीने त्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला होता. कंपनीची एक शाखा मुंबईतही होती. समारंभाच्या मंडपाबाहेर शेकडो कारागीर निषेधाचे फलक घेऊन उभे होते, आणि आत पारितोषिक घेणारा त्या संकटाविषयी बोलू लागताच वाद्यवृंदाने त्याचे बोलणे बुडवले. त्याच वर्षी फोटोशॉपच्या मालकांनी नव्या आवृत्त्या विकत देणे थांबवून फक्त वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. म्हणजे हत्यार कारागिराचे राहिले नाही, भाड्याचे झाले. मी आमच्या मुलांना 'गिंप' शिका असे सांगतो. ते फुकट आहे, त्याची रचना सर्वांना खुली आहे, आणि आज सांगितलेली थरांची सारी कृती त्यावर होते. मुले कुरकुरतात, कारण गिऱ्हाइके फोटोशॉपची फाइल मागतात. त्यांची अडचण खरी आहे.

अलीकडे तर यंत्राला दोन शब्द सांगितले की तेच आकाश काढून देते. मी पाहिलेल्या अशा चित्रांत तारे खच्चून होते, पण सप्तर्षी शोधून सापडले नाहीत.

कोणी म्हणेल, सप्तर्षी नसले म्हणून काय बिघडले? पूर्वी कदाचित काही बिघडत नव्हते. चित्र खोटे असले तरी गच्चीवर खरे आकाश होते, मूल दोन्ही ताडून पाहू शके. 2016 साली शास्त्रज्ञांनी जगाचा उजेडाचा नकाशा केला, त्यावरून दिसले की जगातले 80 टक्क्यांहून अधिक लोक दिव्यांनी उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि माणसांपैकी तिसरा हिस्सा आपल्या घरून आकाशगंगा पाहू शकत नाही. आपल्या शहरातली मुले त्या तिसऱ्या हिश्शात मोडतात. त्यांनी आकाशगंगा पाहिली आहे ती पडद्यावर आणि पुस्तकाच्या पाठीवर, म्हणजे कोणा ऑपरेटरने अर्ध्या दिवसात केलेली. खऱ्याशी ताडायचे तर आज पेंचपर्यंत जावे लागते. तेथल्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथे जाण्या-येण्याचा खर्च सर्वांना परवडणारा नाही.

तोवर शहरातही थोडे साधते. रात्री उत्तरेकडे सप्तर्षी उंचावर असतील तेव्हा पाहा. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वळवत नेली की नारिंगी स्वाती लागते, आणि आणखी पुढे निळसर चित्रा. दोघींच्या रंगातला फरक दिव्यांच्या झगमगाटातही कळतो. सप्तर्षींच्या चौकोनाच्या आत किती तारे दिसतात ते मोजा. शहरातून बहुधा एकही दिसणार नाही, गावाकडे गेलात तर तेथे पुन्हा मोजा. ज्यांनी आपापली चित्रे मोबाइलवर आणली आहेत त्यांच्यासाठी, आणि प्रश्नांसाठी, अध्यक्षांनी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहेत. तेव्हा मी येथे थांबतो.